हॉटेलातलं माहेर

"संडासाच्या भिंतीला टेकून माझ्या बायकोचा फोटो लागणार नाही, ताई. आधीच सांगून ठेवतो!"

खिएमने पलंगाचं एक टोक उचलून धरलं होतं आणि दुसरं माझ्या हातात होतं.

"मग कुठे लावू? माझ्या टाळक्यावर?" मी म्हटलं. "भिंती चारच आहेत बाबा या खोलीला. पाचवी कुठून आणू?"

एका भिंतीपलीकडे संडास, दुसरीत खिडकी, तिसरीत दार आणि चौथीला हा पलंग. पूर्वजांचा देव्हारा मांडायचा तर पलंग हलवणं भाग होतं. माझं वय पासष्ट, कंबर त्याहून जुनी. शेवटी पलंग खिडकीला लागला, आणि खिडकीपाशी जायचं तर त्यावरून रांगत जावं लागेल अशी सोय झाली.

खिएम माझा धाकटा भाऊ. दक्षिणेला, का माऊ या आमच्या गावी, खाडीकाठी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याची एकुलती एक लेक, लाय, सायगॉनला नोकरीला लागली आणि इथलाच एक मुलगा पसंत करून बसली. मुलगा, क्वांग, गरीब गाय आहे. त्याच्या आईबद्दल मात्र मी हे म्हणणार नाही. ज्योतिष्याने नवरी न्यायचा मुहूर्त सकाळी नऊचा काढला आणि विहीणबाईंनी लगेच फोन केला, "एवढ्या लांब वऱ्हाड कोण घेऊन येणार? तुम्हीच इकडे या. आमच्या गल्लीत एक स्वस्तातलं हॉटेल आहे. तिथली खोली म्हणजे नवरीचं घर समजू." सायगॉनात हल्ली हे सर्रास चालतं. खिएम नाहीच म्हणणार होता, पण लेक रडली. लेक रडली की हा माणूस कशालाही हो म्हणतो आणि मग राग माझ्यावर काढतो.

त्यातून आदल्या दिवशी येताना त्याने बसच्या टपावर नारळाच्या झावळ्या बांधून आणल्या. नवरीच्या दारात झावळ्यांची कमान नसली तर आमच्याकडे त्याला लग्नघर म्हणत नाहीत. पण हॉटेलच्या काउंटरवरच्या तुयेतने त्या दारात उभ्या करू दिल्या नाहीत. मग कमान लागली तिसऱ्या मजल्यावर, खोली नंबर तीनशे दोनच्या बाहेर, बोळात. समोरच्या खोलीतला एक उंच गोरा पाठीवर पिशवी घेऊन बाहेर पडला तो थेट त्या कमानीत शिरला, आणि झावळीसकट जिना उतरायला लागला.

देव्हारा मांडून झाला. म्हणजे छोट्या फ्रीजवर लाल कापड, त्यावर फळं, दिवा, उदबत्तीचं भांडं आणि मागे आमच्या न्यानचा फोटो. न्यान म्हणजे लायची आई. जाऊन सहा वर्षं झाली. खिएमने काडी ओढली न ओढली तोच तुयेत दारात हजर. तिला वास कसा लागला देव जाणे.

"काका, काय करताय! खोलीत काही पेटवायचं नाही. वर बघा, ती शिट्टी आहे. धूर झाला की सगळं हॉटेल रस्त्यावर येईल."

"लग्न आहे, पोरी. दिवे लावल्याशिवाय लग्न होतं का?"

"बॅटरीचे आणा ना. सगळे तेच लावतात. फुंकर मारली तरी विझत नाहीत."

"खाली काउंटरशेजारी तुमचा धनाचा देव बसलाय, त्याच्यापुढे सकाळी मूठभर उदबत्त्या जळत होत्या. तुमच्या देवाला धूर चालतो आणि माझ्या बायकोला चालत नाही?"

"तो दारात बसलाय, काका. धूर बाहेर जातो." तुयेतचा आवाज जरा खाली आला. "मालक माझी नोकरी घेतील हो. तुम्ही उद्या गावाला जाल, मी कुठे जाऊ?"

खिएमने हातातली काडी विझवली. त्याला दुसऱ्याची नोकरी घालवायची नव्हती आणि बॅटरीचे दिवेही लावायचे नव्हते. अशा वेळी तो नुसता उभा राहतो, आणि मला त्याच्यापेक्षा भिंत बरी वाटते. तुयेत गेल्यावर मी न्हाणीघराचं दार ठोठावलं. खोलीत दुसरी जागाच नव्हती म्हणून लाय आत नटत होती. अंघोळीला डोक्यावर घालायची प्लास्टिकची टोपी तिच्याकडून मागून घेतली, खुर्चीवर चढले आणि ती छतावरच्या शिट्टीला घातली.

"ताई, पडशील!"

"पडले तर लग्नाचा मुहूर्त साधूनच पडेन. काडी पेटव."

वरात आली. लिफ्टमध्ये चारजण मावतात. म्हणून तांबड्या कापडाने झाकलेली पानसुपारीची, चहाची, फळांची ताटं हातात घेऊन बाकीचे जिन्याने चढले आणि विहीणबाई लिफ्टने. खोलीत एवढी माणसं झाली की क्वांगचे दोन काका पलंगावर उभे राहिले, बुटांसकट. ज्योत हलू नये म्हणून मी थंड हवेचं यंत्र बंद केलं, तर सगळे घामाने निथळायला लागले.

"अहो भाऊ," विहीणबाई पंख्याने वारा घेत म्हणाल्या, "उरका बाई लवकर. माझी पावडर वाहून चालली."

खिएमने वरपक्षाने आणलेल्या दोन्ही लाल मेणबत्त्या हातात घेतल्या आणि देव्हाऱ्यातल्या ज्योतीवर लावल्या. दोन्ही एकदम पेटल्या आणि सारख्या जळायला लागल्या. आमच्याकडे हा मोठा शकुन. लाय गुडघे टेकायला गेली, पण जागाच नव्हती. ती उभ्या उभ्याच वाकली, आणि आईच्या फोटोला कपाळ लावून हमसून हमसून रडली. मीही रडले. खिएम रडला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आठी नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच विहीणबाई बोलल्या. "बरं झालं, खोली छान आहे. मी आणखी तीन दिवस घेऊन ठेवलीय हं, भाऊ."

"कशाला?" खिएमने विचारलं.

"म्हणजे काय! परवा जोडीने माहेरी यायचं ना? का माऊला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात, क्वांगला रजा नाही. इथेच या म्हटलं. गल्लीच ओलांडायची."

तिसऱ्या दिवशी लेक-जावई बदकांची जोडी घेऊन माहेरी येतात, त्या बदकांची पेज होते, आणि सगळी आळी जेवते. खिएमच्या अंगणात चूल तयार होती. शेजारणींनी पातेली घासून ठेवली होती. त्याने लायकडे बघितलं. लायने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं, आणि बापाला सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

"बरं," खिएम म्हणाला. एवढंच.

लेकीला पोचवायला आमच्याकडे बाप जात नाही. वरात जिना उतरून गेली आणि आम्ही दोघं त्या खोलीत राहिलो. मी पलंगावर आणि तो खाली चटईवर. "चल घरी," मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, माहेर हवं तर गावाला या. नाक घासत येतील."

"आणि नाही आले तर?"

 भाऊ मेला चुकीच्या वेळी शहाण्यासारखा बोलतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्याहारीला गेलो तेवढ्यात सफाईवाली खोली आवरून गेली. पलंग होता तिथे परत, लाल कापड घडी करून कपाटात, आणि न्यान आरशाखालच्या खणात, केस वाळवायच्या यंत्राशेजारी. खिएम एवढा ओरडला की ती बिचारी रडायला लागली. मग त्यालाच वाईट वाटलं. बोळात जाऊन त्याने तिची हात जोडून माफी मागितली आणि येऊन पुन्हा पलंग ओढायला लागला. मी त्याला शिव्या घालत दुसरं टोक धरलं.

तिसऱ्या दिवशी तो पहाटेच अंघोळ करून बसला. इस्त्रीचा सदरा घातला. बाजारातून लायला आवडणारे चिकट भाताचे पुडे आणून फ्रीजवर, तिच्या आईच्या फोटोसमोर ठेवले. केळीच्या पानांतले ते पुडे निवून जाऊ नयेत म्हणून त्यावर माझी शाल घातली. दार उघडं ठेवायला चप्पल अडकवली, पण बोळातून जाणाऱ्या कोणीतरी ती शिस्तीत आत सरकवली आणि दार आपोआप लागलं. त्याने परत चप्पल अडकवली, परत तेच. तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला.

फोन वाजला. खालून तुयेत होती.

"काका, तुमच्याकडे पाहुणे आलेत. त्यांच्याकडे दोन बदकं आहेत, जिवंत. वर नेता येणार नाहीत हो."

"पाहुणे नाहीत," खिएम म्हणाला. "माझी लेक आहे ती."

त्याने फोन ठेवला आणि खुर्चीत ताठ बसला. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. नव्या चपलांचा आवाज बोळातून जवळ आला, आणि दारावर टकटक झाली. हलकी, दोनदा.

का माऊला आमच्या घराला दार आहे, पण लायने ते जन्मात कधी वाजवलं नाही. होडीच्या धक्क्यापासूनच "बाबा, भूक!" म्हणून बोंबलत यायची. शेजारणी म्हणायच्या, हिला सासरी कोण ठेवून घेणार.

खिएम बसल्या जागेवरून हलला नाही. वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही.

"अरे, उघड ना," मी म्हटलं.

तो उठला. सदरा खाली ओढून नीट केला आणि दार उघडलं. लाय निळ्या पोशाखात, दोन्ही हातांत फळांची टोपली धरून उभी होती. मागे क्वांग, रिकाम्या हातांनी; बदकं खालीच राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आत येऊ?"

 खिएम बाजूला झाला, आणि कोणा मोठ्या पाहुण्याला दाखवावी तशी त्याने तिला हाताने खुर्ची दाखवली.