सळईला लावलेला कान

ताईनं लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, वाकून दुसऱ्या टोकाला कान लावला आणि मोकळा हात वर केला. त्या हाताचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. फिटरकाकांनी पाना मांडीवर ठेवला. पलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातली ठोकठोकही थांबली.

"काही नाही," ताई सरळ होत म्हणाली. "मेला पाइप मुका आहे."

तिचा हात खाली आला तसा रस्ता पुन्हा बोलायला लागला.

पाणीपुरवठा खात्यात तिला पाठीमागे थेंबताई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. पंपघरातून भरभरून निघालेलं पाणी चढावरच्या वस्तीत पोचेपर्यंत निम्मं होत होतं. उरलेलं याच रस्त्याखाली कुठेतरी मुरत होतं. गेले दोन उन्हाळे ती पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, सळई घेऊन इथून हिंडली होती. गळणारा पाइप सळईतून फुसफुसतो. हा फुसफुसत नव्हता. आता वरच्या वस्तीत बादलीसाठी भांडणं सुरू झाली होती, तेव्हा तिनं शोध सोडून दिला आणि अख्खा जुना लोखंडी पाइप बदलायचं ठरवलं. आज सकाळी हे शेवटचं ऐकणं झालं, की व्हॉल्व्ह बंद होणार होता. संध्याकाळी पाणी सुटायलाच हवं होतं.

खोदाईची चुन्याची रेघ रस्त्याच्या कडेनं सरळ गेली होती आणि एका मोठ्या रेन ट्रीच्या बुंध्याजवळून पुढे निघाली होती. त्या जागी, बरोबर रेघेवर, प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घालून तिचा धाकटा भाऊ बसला होता. शहरातल्या रस्त्यांवरची झाडं त्याच्या ताब्यात होती. दोघांची ऑफिसं एकाच इमारतीत, समोरासमोर होती.

"ऊठ, छोट्या."

"ऑफिसच्या वेळेत मला साहेब म्हणायचं ठरलं होतं."

"उठा, साहेब. नाहीतर बकेटमध्ये घालून उचलीन."

जेसीबीवाल्यानं हसू लपवायला खोकल्याचं सोंग केलं.

छोट्या उठला नाही. त्यानं बुंध्याकडे हात केला. "या बाजूला मांडीएवढी मुळं आहेत. झाड त्यांच्यावर उभं आहे. आज ती तोडलीस तरी उद्या काही दिसणार नाही. वर्षभर हिरवंगार राहील. मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशी आडवं होईल, आणि तेव्हा खाली कोण असेल ते मी सांगू शकत नाही."

"आणि वर नळाखाली कोण आहे, ते मी सांगू का?"

ते सांगायची गरज नव्हती. वरच्या वस्तीत त्यांची आई राहत होती. सकाळपासून तिनं आधी ताईला, मग त्याला, मग पुन्हा ताईला फोन केला होता. 'दोघं एका ऑफिसात, दोघांना खुर्च्या, आणि माझ्या नळाला नुसती हवा.' दोघांना तिनं अक्षर न् अक्षर तेच ऐकवलं होतं.

"मला फक्त झाडाखालचा तुकडा दे," तो म्हणाला. "बाकी सगळं तुझ्या पद्धतीनं कर. हा मी खोदणार नाही, फुंकणार आहे."

क्रेटमागे एक कॉम्प्रेसर उभा होता. त्याला जाड नळी आणि नळीला पितळी चोच लावलेली लांब नळकांडी होती. ही त्यानं एका वर्कशॉपमधून बनवून घेतली होती. हवा जोरात सोडली की ती मातीच्या बारीक पोकळ्यांत शिरते आणि मातीला आतून फोडते. मुळाला अशा पोकळ्या नसतात, म्हणून ते तसंच राहतं. ऑफिसच्या बागेत त्यानं हा प्रयोग करून पाहिला होता. प्रयोग यशस्वी झाला होता. मुख्याधिकाऱ्यांची गाडी मात्र दोनदा धुवावी लागली होती.

ताईनं समोरच्या गोदामाच्या लांबलचक भिंतीकडे पाहिलं. ऊन अजून तिच्या पायथ्यापर्यंत होतं.

"त्या भिंतीवरून ऊन गेलं की जेसीबी इथे येणार. मग तू मध्ये असलास तरी."

"मी असलो तरी?"

"तू असलास तर विशेष."

झाडाच्या अलीकडे आणि पलीकडे जेसीबी दात लावत राहिला. मधल्या तुकड्यात धुळीचा एक खांब उभा राहिला. छोट्यानं डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडकं बांधलं होतं, तरी थोड्याच वेळात त्याच्या भुवया आणि माती यांत फरक उरला नाही. फिटरकाका खाली बसून सुटी माती घमेल्यात ओढत होते.

"साहेब, आयुष्यभर मी पाइपातली हवा काढली," ते ओरडून म्हणाले, "आज पहिल्यांदा हवेनं पाइप काढतोय."

हळूहळू मुळं वर आली. मातीत असताना ती नुसती अडचण होती. उघडी पडल्यावर त्यांच्यात एक रचना दिसू लागली. जाड मुळं बुंध्यापासून पंख्यासारखी पसरलेली, त्यांच्यामधून मनगटाएवढी, आणि त्यांना फुटलेली बोटांएवढी. एकाचीही साल खरचटली नव्हती. ये-जा करणारी माणसं थांबायला लागली. सायकलवाला तर दुकान सोडून कठड्यावर येऊन बसला.

छोट्याला या झाडाचा जरा जास्तच अभिमान होता. काही वर्षांपूर्वी त्यानं या रस्त्यावरच्या सगळ्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं काँक्रीट फोडून आळी मोकळी केली होती आणि त्यांत पालापाचोळा भरला होता. पण हेच झाड सर्वांत दाट झालं. त्याचा मोठा फोटो त्याच्या खुर्चीमागे लावलेला होता. कुणी भेटायला आलं की तो खुर्ची थोडी बाजूला सरकवून बसे.

जुना पाइप लागला तेव्हा फिटरकाकांनी हात वर केला. हवा बंद झाली. पाइपाचा एक सांधा दिसतच नव्हता. त्याभोवती केसांसारख्या बारीक मुळांचा गच्च गोळा होता, एखाद्या मोठ्या उशीएवढा. काकांनी त्यात बोटं खुपसली आणि मूठ बाहेर काढून पिळली. पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. व्हॉल्व्ह सकाळपासून बंद होता, तरी पाइपात उरलेलं पाणी त्या केसांतून झिरपत होतं.

 ताई ऑफिसच्या कपड्यांत खड्ड्यात उतरली. तिनं स्वतः मुळांमध्ये हात घातला आणि डोळे मिटून सांधा चाचपला.

"इथे आहेस होय तू," ती म्हणाली.

मग ती हसायला लागली. हसता हसता तिथेच मातीत बसली. "दोन उन्हाळे रे! दोन उन्हाळे मी याच्या अंगावरून चालतेय. आवाज येणार कसा? या झाडानं गळतीवर गोधडी घातली होती. आणि वर ओल दिसायच्या आत सगळं पिऊन टाकत होतं."

छोट्यानं चष्मा वर केला आणि मान उचलून पाहिलं. रांगेतली बाकीची झाडं एकाच वर्षी लावलेली होती, त्यांना एकाच गाडीतला पालापाचोळा मिळाला होता. त्यांच्या फांद्यांमधून आकाशाचे तुकडे दिसत होते. या झाडातून एकही दिसत नव्हता. त्यानं आपल्या सर्वांत चांगल्या नमुन्याकडे बराच वेळ पाहिलं, मग बुटाच्या टोकानं एक ढेकूळ फोडलं.

"काय रे," ताई म्हणाली, "ती तुझ्या पालापाचोळ्याची कमाल ना?"

"फोटो काढून टाकतो."

"राहू दे. खाली 'सौजन्य: पाणीपुरवठा खाते' लिही."

जुना पाइप तुकड्या-तुकड्यांनी निघाला. मुळांचा गोळा छोट्यानं स्वतःच्या हातांनी सांध्यापासून सोडवला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. आता नवा काळा प्लॅस्टिकचा पाइप जाड मुळांखालून ओवायचा होता. दोन मुळांखालून तो सहज गेला. तिसऱ्यापाशी अडला. एका मनगटाएवढ्या मुळाला त्याचं नाक घासत होतं आणि खाली खडक लागला होता. दोनदा ढकलून पाहिलं. दोन्ही वेळा पाइप मागे आला.

ऊन भिंतीवर चढत माथ्याच्या शेवटच्या वितेवर आलं होतं. जेसीबीवाला आपणहून खाली उतरून वाट पाहत उभा होता.

"साहेब," काका हलक्या आवाजात म्हणाले, "हे एवढंसं मूळ. बाकीची एवढी आहेत. घेऊ कुऱ्हाड?"

 छोट्या मूळ आणि खडक यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पुन्हा पुन्हा मापत होता. या वेळी तो ताईकडे बघायचं टाळत होता. ताईनं भिंतीकडे पाहिलं. मग मुळाकडे. मग भावाच्या मातीनं भरलेल्या मानेकडे.

"काका," ती म्हणाली, "कुऱ्हाड ठेवा. साबण आणा."

सायकलवाल्यानं पंक्चर काढायच्या घमेल्यातलं साबणाचं पाणी आणून दिलं. पाइपाला नाकापासून लांबवर ते चोळलं. नाकाला दोर बांधून तो मुळांखालून पलीकडे काढला. काका, जेसीबीवाला, सायकलवाला, भाजी घेऊन घरी निघालेल्या दोन बायका, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्यानं दोर धरला. छोट्या खड्ड्यात आडवा पडून पाइपाचं नाक दोन्ही हातांनी खाली दाबत होता.

"मी 'हो' म्हटलं की," ताई म्हणाली. "हिसका नको. हो!"

दोर ताणला गेला. पाइप करकरला, थांबला.

"हो!"

"आला, आला!" खड्ड्यातून आवाज आला. "सोडू नका, सोडू नका!"

"हो!"

पाइपाचं फेसाळलेलं नाक मुळाखालून सळकन बाहेर आलं आणि दोर धरलेली सगळी माणसं एकमेकांवर पडली. जेसीबीवाला उठून केबिनकडे धावला आणि त्यानं हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. छोट्या खड्ड्यातून वर आला तेव्हा भाजीची पिशवी घेतलेली एक बाई त्याला सांगत होती की तिनं दोर धरला नसता तर हे झालं नसतं. त्यानं दोन्ही हात जोडून ते मान्य केलं. मुळाची साल त्यानं साबणाचा फेस पुसून तपासली. ती शाबूत होती.

भिंत पूर्ण सावलीत गेल्यावर व्हॉल्व्ह उघडला. काही वेळानं ताईचा फोन वाजला. तिनं स्पीकर चालू केला.

"ऐका," आई म्हणाली. पुढे शब्द नव्हते. बादलीच्या तळावर जोरात आपटणारं पाणी होतं, मग भरत चाललेल्या बादलीचा चढता आवाज. मग "अगं बाई, सांडलं की!" आणि फोन बंद.

ताईनं सळई उचलली, नव्या पाइपावर टेकवली, कान लावला आणि हात वर केला. सगळे गप्प झाले.

"मुका," ती म्हणाली. या वेळी तिनं तो शब्द पेढ्यासारखा जिभेवर घोळवला.

"पण मॅडम," काका हत्यारं गोळा करत म्हणाले, "झाडाचा नळ तोडला की आपण."

"चोरीचा होता."

सगळे हसले. छोट्याही हसला, थोडा उशिरा. मुळांवर माती तो हातानंच लोटत राहिला.

पुढच्या दिवसांत ऊन वाढलं. रेन ट्रीची पानं संध्याकाळी मिटतात, पण हे झाड आता भर दुपारीच अर्धी पानं मिटू लागलं. छोट्या रोज सकाळी हातगाडीवर कॅन घालून पाणी आणायचा. आळं ते क्षणात गिळायचं आणि वरून कोरडं दिसायचं. इतकी वर्षं जे झाड चोवीस तास पीत होतं, त्याला कॅनची सवय लागायला वेळ हवा होता, आणि उन्हाळा वेळ देणार नव्हता. तो दोनदा ताईच्या खोलीत गेला. थेंबासाठी रस्ते ऐकत फिरलेल्या बाईला मुद्दाम पाणी सोड असं कसं म्हणायचं, हे त्याला कळेना. दोन्ही वेळा त्यानं रविवारी आईकडे कोण जाणार एवढंच विचारलं.

"मी," ताई नकाशावरून मान न उचलता म्हणाली. मग, "पानं कशी आहेत?"

"ठीक."

"दुपारी?"

तो दाराची कडी वरखाली करत राहिला. 

एका सकाळी तो हातगाडी ढकलत झाडापाशी आला आणि थबकला. आळं काळंभोर ओलं होतं. मातीत एक छोटं लोखंडी झाकण बसवलेलं होतं, प्रत्येक घरासमोर असतं तसंच. त्यानं गुडघे टेकून ते उघडलं. आत काचेखाली पाण्याचा नवा कोरा मीटर होता. त्यातला तांबडा काटा फिरत होता. सावकाश, पण न थांबता.

बुंध्याला टेकून फिटरकाका बसले होते. त्यांच्या मांडीवर ताईची सळई होती.

"मॅडमनी सांगितलंय, ही चोरी नाही, रीतसर जोडणी आहे," ते म्हणाले. "बिल थकलं तर तोडणार, हेही सांगायला सांगितलंय."

"अजून काही म्हणाली?"

काकांनी सळई त्याच्या हातात दिली. "म्हणाल्या, त्याला ऐकू दे."

छोट्यानं सळईचं टोक मीटरशेजारच्या मातीत रोवलं, ओणवा होऊन दुसऱ्या टोकाला कान लावला. सायकलच्या दुकानात ठोकठोक सुरू होती. एक ट्रक मागे येत होता.

त्यानं मोकळा हात वर केला.

ठोकठोक थांबली. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं.