न उघडणारे थर

गौतमीने बनवलेली जांभळी भुकटी दमट हवेत दोन तासांत गुलाबी होई. तिच्या शोधनिबंधातली छापील कृती तंतोतंत पाळून त्याच प्रयोगशाळेतल्या निषाद या विद्यार्थ्याने बनवलेली भुकटी दोन महिने उलटले तरी जांभळीच राहिली.

पदार्थ एकच होता: कोबाल्ट आणि एका सेंद्रिय आम्लाच्या थरांचा कोऑर्डिनेशन पॉलिमर, म्हणजे धातूचे अणू आणि आम्लाचे रेणू गुंफून झालेले जाळे. थरांमधले पाणी गेले की थर जवळ येतात, रंग बदलतो आणि अतिथंड तापमानाला पदार्थ चुंबक बनतो. पाणी परत शिरले की थर उघडतात, चुंबकत्व जाते. हे येणे-जाणे म्हणजेच गौतमीचा प्रबंध. ते खोटे ठरले असते, तर तिची पीएचडी रद्द झाली असती. सूसजवळच्या आमच्या संस्थेने चौकशी माझ्याकडे सोपवली. आकडे रचलेले असावेत, असे मलाही वाटत होते.

तिचे मार्गदर्शक स्वानंदसर म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे हो. पण रिह्यासारख्या गावातून आलेली, पहिलीच पिढी... तुम्हाला कळतंय ना?"

"नाही. रिह्याचा कोबाल्टशी काय संबंध, तेवढं सांगा."

ते हसले.

गौतमीपुढे मी छापील निबंध ठेवला. "कृती हीच?"

"मिश्रण, तापमान, धुणं, सगळं हेच."

"आणि वाळवणं? व्हॅक्यूम ओव्हन, ऐंशी अंश, दोन तास?"

तिने निबंधावरच्या नावांवर बोट ठेवले. मग म्हणाली, "निबंधावर माझीही सही आहे, सर."

विभागात व्हॅक्यूम ओव्हन एकच. त्याच्या पाळ्या दर सोमवारी स्वानंदसर स्वतः वाटत आणि त्या वहीत लिहिल्या जात. मी चार वर्षांची वही पाहिली. दोन वर्षांपूर्वी आलेल्या निषादचे नाव पानापानावर होते. गौतमीचे एकदाही नव्हते.

प्रयोगशाळेतले मदतनीस भैरू यांना मी विचारले, "मग ती वाळवायची कुठे?"

"काचेची भांडी वाळवतो न्हवं, त्या ओव्हनात. साठावर. वरच्या कप्प्यात बशी, तीन-तीन दिस. मी म्हनायचो, ताई, हितं काय कुरडया घातल्यात व्हय? तर म्हनायच्या, भैरूकाका, मोठ्या ओव्हनात नंबर लागू द्या, मग पापड पन घालू."

"लागला नंबर?"

"न्हाई बा. सर म्हनायचे, तुझं वाळतंय की, मग अडलंय कुटं?"

निषादकडूनच मी नवी भुकटी बनवून घेतली आणि तिचे दोन भाग केले. एक व्हॅक्यूममध्ये दोन तास, दुसरा भांड्यांच्या ओव्हनमध्ये तीन दिवस. दमट हवेत पहिला भाग जांभळाच राहिला, दुसरा गुलाबी झाला. क्ष-किरणांनीही त्याचे थर पूर्ववत उघडल्याचे दाखवले. निषाद म्हणाला, "सर, म्हणजे माझी दोन महिने उगाच वाट लागली."

स्वानंदसर मात्र शांत होते. "भांड्यांच्या ओव्हनमध्ये वाळवलं, असं कोणी छापतं का? मी प्रमाण पद्धत लिहिली. अहवालात 'वाळवण्यातील फरक' एवढं पुरे."

मी गौतमीला कल्पना दिली: आकडे खरे ठरतील, पीएचडी राहील, निबंध मात्र मागे घ्यावा लागेल, आणि खोट्या कृतीखाली तिची सही असल्याचेही लिहावे लागेल. तिचा तो एकुलता एक निबंध होता.

"लिहा," ती म्हणाली. "तेव्हा बोलले असते, तर तो भांड्यांचा ओव्हनही हातचा गेला असता."

अहवालातील कारण असे. निर्वातात पाणी एकदम निघून गेल्याने थर वेडेवाकडे कोसळतात आणि पाण्याला परत शिरायला वाट उरत नाही. साठ अंशांवर ते सावकाश गेले, तर थर एकमेकांवर नीट बसतात व पुन्हा उघडतात. गौतमीने सावकाश वाळवले, कारण चार वर्षांत मार्गदर्शकांनी तिला व्हॅक्यूम ओव्हनची एकही पाळी दिली नाही. निबंधात तो वापरल्याचे त्याच मार्गदर्शकांनी लिहिले.