घोंगडीवरचा खजूर

हे कुणी खरं मानणार नाही. मानावं असा माझा आग्रहही नाही. आमच्या गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाडीत खरं बोलणाऱ्याला कुणी चिमूटभर तंबाखूसुद्धा देत नाही.

दुपारी मेंढरं जांभळीखाली बसली की आमच्यात एक खेळ चालायचा. सांगणाऱ्यानं आपली घोंगडी पसरायची, मधोमध गुळाचा खडा ठेवायचा आणि गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याला जिथं लबाडी वाटेल तिथं त्यानं घोंगडीवर हात आपटून ओरडायचं, "खोटं!" लबाडी पकडली तर खडा त्याचा. पण सांगितलेलं खरं निघालं, तर सांगणाऱ्याची मेंढरं त्यानं पाण्यावर न्यायची. मी बारा वर्षं माझाच गूळ खाल्ला आणि माझी मेंढरं दुसऱ्यांनी पाणी पाजून आणली. हैबतीची थाप कळते, पण कुठून सुरू झाली ते कळत नाही, असं आमचे लोक म्हणायचे.

तर हा खडा ठेवला. आता ऐका.

बेचाळीस साली मी इराणात होतो, पलटणीच्या खेचरांमागं. जाताना समुद्रात राजगडाच्या बालेकिल्ल्याएवढा मासा दिसला. त्यानं मला ओळख दिली, पण मी घाईत होतो. तिथली खेचरं इंग्रजीत ऐकत नसत. साहेब शिट्ट्या मारून दमायचा आणि मग मी नुसतं "हाल्या!" म्हटलं की चाळीस खेचरं चालू लागायची. त्यातल्याच एकानं माझ्या गुडघ्यावर लाथ घातली आणि सरकारनं मला घरी जायची चिठ्ठी दिली.

जहाजाला आठ दिवस होते. माझ्यासोबत आंबवड्याचा सावळाराम होता, पलटणीचा आचारी. त्याला एका छावणीवर पिठाची पोती टाकायची होती, म्हणून मीही लंगडत गेलो. तिथं पोरं होती. पोलंड नावाच्या मुलखातून लढाईनं हाकललेली, रशियाच्या बर्फातून उतरलेली, आईबाप वाटेत गेलेली. उवांपायी सगळ्यांची डोकी भादरलेली. मेंढरं कातरली की कोकरांना आपली आई ओळखू येत नाही, ती बावरून नुसती बघत राहतात. तशी ती पोरं सगळ्यांकडं बघत होती.

छावणीच्या थोरल्या बाई पूर्वी मुंबईत राहिलेल्या. मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायच्या. त्यांच्याकडं दुधासाठी तीस शेळ्या आणल्या होत्या, पण त्या शेळ्या कुणालाच हात लावू देत नव्हत्या. मी सावळारामाला म्हणालो, "माझी वळकटी हितंच टाक."

"आरं हैबती, डोस्कं फिरलं का तुझं? आठ दिसांत जहाज सुटंल. भामावहिनी वाट बघत असंल!"

"तिला म्हनावं, शेळ्या व्याल्या की येतो."

"पगार कोन देनार तुला?"

"पोटाला मिळतंय की. गावाकडं तरी दुसरं काय मिळत हुतं?"

तो शिव्या घालत गेला. पोरकं कोकरू दिसलं की धनगराचा हात आपोआप पुढं जातो, त्याला काय करणार? आमच्याकडं अशा कोकराला दुसऱ्या मेंढीचं दूध चोळून तिच्या पुढ्यात सोडतात. हुंगते, शिंगं मारते, मग घेते. इथं मेंढी कुठून आणायची? मीच उभा राहिलो.

शेळ्या पहिल्या दिवशीच वळल्या. पोरांना वेळ लागला. मग एका दुपारी माझ्या बायकोनं, भामाबाईनं दिलेली घोंगडी तंबूच्या सावलीत पसरली, मध्ये एक खजूर ठेवला आणि मराठीतून थापा सुरू केल्या. भाषा कळेना, पण हात कळत होते. हात पसरून लांडगा दाखवला, एवढा! तरी कुणी हलेना. हात आणखी पसरले, एवढा! तेव्हा स्ताशेक नावाचं सहा वर्षांचं पोर उठलं, मी खुणेनं शिकवल्याप्रमाणं त्यानं घोंगडीवर हात आपटला आणि ते ओरडलं, "खोटं!" खजूर त्याच्या तोंडात. दुसऱ्या दिवसापासून चाळीस पोरं घोंगडीला खेटून बसू लागली. चार महिन्यांत मेंढरू, लांडगा, चल, ये, उद्या, मागून असे शब्द त्यांच्या ओठांवर बसले. बाई म्हणायच्या, या पोरांना पोलंडात कुणी ओळखणार नाही.

एकटी बोलत नव्हती ती स्ताशेकची थोरली बहीण यांका. दहा वर्षांची. रोज यायची, घोंगडीच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसायची. माझी थाप कुठं सुरू होते ते तिला बरोबर कळायचं. तिथं तिचे डोळे बारीक व्हायचे. पण हात उठायचा नाही.

बाईंनी मला सांगितलं, "रशियात एका स्टेशनवर हिची आई आजारी पडली. लोकांनी या दोघा भावंडांना गाडीत चढवलं आणि हिला सांगितलं, आई मागच्या गाडीनं येते. ही आठ स्टेशनांवर उतरून बघत होती. तेव्हापासून मुकी आहे."

पुढं हुकूम आला की पोरांना लॉऱ्यांतून हिंदुस्थानात न्यायचं. तिथं घरं, शाळा सगळं होतं. पण वाट वाळवंटाची, आणि डॉक्टर प्रत्येकाला तपासून सोडणार होता. तो यांकाबद्दल बाईंना म्हणाला, "ही बोलली तर जाईल. नाव सांगू दे, नाही तर कुठल्याही भाषेतला एक शब्द. नाही बोलली तर इस्पितळात राहील." स्ताशेक जाणार होता. म्हणजे हिला आता भाऊही सोडून जाणार.

पंधरा दिवस मी सगळ्या अकलेचं पाणी केलं. शेळीला टोपी घातली. तोरण्यावरून उडी मारून थेट भोरच्या बाजारात पडलो असं सांगितलं, आणि पडता पडता हिरव्या मिरचीचा भाव केला. पोरं हसून लोळली. यांकाचे डोळे बारीक झाले, एवढंच.

निघायचा दिवस आला. लॉऱ्या धुरळ्यात घरघरत होत्या. स्ताशेक चढला आणि मागच्या फळीला लटकून बहिणीला हाका मारू लागला. डॉक्टर टेबलाशी बसला होता. त्यानं यांकाला नाव विचारलं. दोनदा विचारलं. बाईंनी हात जोडले. पोरगी खाली बघत उभी. डॉक्टरनं पेन्सिल उचलली.

मला राहवेना. मी लंगडत पुढं झालो. खांद्यावर घोंगडी होती, खिशात शेवटचा खजूर होता. तो पोरीच्या हातात द्यावा आणि दोन शब्द बोलावेत, एवढंच मनात होतं. इस्पितळात राहिली तरी तिला कुणी भेटायला येणार आहे असं वाटावं. आणि घाईत तोंडातून काय निघालं ते ऐका. छावणीत मागं राहणारी आणखी साठ पोरं माझ्या शेळ्यांच्या दुधावर होती. मी कुठंही जाणार नव्हतो, हे त्या छावणीतल्या शेळीलाही ठाऊक होतं. तरी तोंड एकदम सरळ ठेवून, डोळ्यात डोळा घालून मी म्हणालो, "चढ पोरी, भाऊ बोलावतोय. म्या मागच्या लॉरीनं येतोच."

बोललो आणि जीभ चावली. दुसरं काहीही चाललं असतं. हेच वाक्य तिला एकदा कुणीतरी सांगितलं होतं.

यांकानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग मागं बघितलं, जिथं मागची लॉरी नव्हती, नुसत्या तीस शेळ्या होत्या. तिचे डोळे बारीक झाले. ती चालत माझ्यापाशी आली, टाचा उचलल्या आणि माझ्या खांद्यावरच्या घोंगडीवर असा हात आपटला की धूळ डॉक्टरच्या कागदावर उडाली.

"खोटं!"