मर्व्हची रबरं

माणसाचे दात मरेपर्यंत आपली जागा शोधत असतात. मर्व्ह टीडमनच्या दातांनी मात्र हा शोध केव्हाच सोडून दिला होता. वरचे पुढे आलेले, खालचे त्यांच्यामागे दडलेले आणि दर घासाला टाळूला टोचणारे. ऑस्ट्रेलियातल्या स्ट्रीकी बे गावच्या धान्यकोठारांवरची नोकरी संपेपर्यंत त्याने ते तसेच चालवून घेतले. शेवटी टाळूची जखम भरेना, तेव्हा साठी उलटलेल्या मर्व्हच्या दातांना तारा बसल्या.

दात सरळ करणाऱ्या डॉक्टर थालिया माव्रोस दीडेक महिन्यातून एकदा ॲडलेडहून यायच्या. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर शाळेच्या गणवेशातली पोरं आणि मध्ये मर्व्ह. तारेवर बसवायच्या कड्यांचा रंग पेशंटने निवडायचा असतो, आणि या गावात तो आपल्या फुटबॉल क्लबचाच असतो.

"मर्व्ह, परत लाल-काळा? शनिवारी केवढा मार खाल्लात!"

"तू तोंड मीट. तुझ्या क्लबचा पिवळा रंग आहे की ब्रश केला नाहीस, तेच कळत नाही."

पोरं खिदळायची. घरी ते लाल-काळे दात बघायला कोणी नव्हतं. बायको डेनीस गेल्यापासून तिथे एक रेडिओ बोलायचा, पण तो कुणाचं ऐकून घेत नसे. मर्व्हच्या चेहऱ्याला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा तो फक्त दवाखान्यातल्या त्या खुर्चीत, तोही रबरी मोज्यातला.

एकदा डॉक्टर म्हणाल्या, "छान सरकतायत. आता ही चिमुकली रबरं वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेला अडकवायची. जेवताना सोडून दिवसरात्र. ओढ चालू राहिली की हाड एका बाजूने विरतं, दुसरीकडे भरतं आणि दात वाट काढतो. हिवाळ्यापर्यंत तारा काढून टाकू."

मर्व्हला काहीतरी टोचलं. या वेळी टाळूला नाही.

त्या दिवसापासून रबरं गाडीच्या खणात पडू लागली. पुढच्या खेपेला दात जागच्या जागी, त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"रबरं लावता ना?"

"लावतो की."

डॉक्टर कपाळाला आठी घालून एक्स-रे बघायच्या आणि पुढची तारीख द्यायच्या. मर्व्हचा हिवाळा मजेत चालला होता.

टाकून देणं मात्र त्याला जमेना. व्हायटिंग मासा, म्हणजे मुडदुशीची थोरली बहीण, तिसऱ्यांच्या मांसाला भुलतो. पण ते मऊ मांस गळावर टिकत नाही. मर्व्हने त्यावर ती रबरं चढवून बघितली. अप्रतिम टिकलं. एकटा माणूस इतके मासे खाणार किती? म्हणून त्याने ओंजळभर मासे डॉक्टरांना नेऊन दिले. साफ केलेले, पण डोक्यासकट, कारण बाई ग्रीक, त्यांच्यात मासा डोक्यासकटच शिजतो.

पुढच्या खेपेला मदतनीस शॅझने त्याच्या छातीवर रुमाल बांधला आणि ती उगाचच खोकत बाहेर गेली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये एक रबर ठेवलं.

"माशाच्या तोंडात सापडलं. दोन्ही जबडे अगदी नीट जुळलेत हो त्याचे."

मर्व्ह छताकडे बघत राहिला. वर पोरांसाठी चिकटवलेले तारे होते.

"दुखत होतं का?"

"नाही."

"मग?"

"तारा निघाल्या की इथे यायचं कशाला?"

डॉक्टरांनी मोजे काढले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तारा काढल्या की दात परत जुन्या जागी पळायला बघतात. म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावायचा, कायमचा. आणि माझी तपासणी चालूच. मी काही तुम्हाला सोडत नाही."

"कायमचा?"

"कायमचा."

मर्व्हने त्या दिवसापासून रबरं अशी इमानाने लावली, की उन्हाळा सरायच्या आत त्याचे दात रांगेत उभे राहिले. शॅझने फोटो काढला. बाकावरची पोरं म्हणाली, "मर्व्ह, आता हसतोस तर माणसासारखा दिसतोस!" त्याने त्यांना शिव्या घातल्या आणि रिटेनरची डबी खिशात टाकून तो दाराशी आला.

"मग पुढची तारीख?"

शॅझने त्याच्या फोनवर काहीतरी बसवून दिलं. रिटेनरची तपासणी फोनवर होते. महिन्यातून एकदा आपल्या तोंडाचा फोटो आपणच काढून पाठवायचा. मिळाल्याची पोच आपोआप येते.