भावसिंगच्या तांड्याचा नगारा

मी नगारा बोलतोय, बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्याचा. तांब्याचं पोट, म्हशीचं कातडं आणि स्वभाव जरा तिरसट. दमट हवेत मी रुसतो, आगीवर शेकल्याशिवाय तोंड उघडत नाही. तांड्याचा प्रमुख धावजी नाईक, त्याच्या आजोबांनी मला बैलावर लादून मुलूखभर फिरवलं. आमचे लोक तेव्हा राजांच्या फौजांना धान्य पोचवत. लढाई कोणी जिंकली, हे आम्ही कधी विचारलं नाही. गोण्या रिकाम्या झाल्या की पुढचा रस्ता धरायचा.

पुढे तांडा शेतीला लागला. पलीकडच्या गावाशी आमचं बोलणं बाजारापुरतं. त्यांच्या मिरवणुकांना मला कोणी बोलावलं नाही. राग यायचा, खोटं कशाला सांगू?

१९६५ च्या सप्टेंबरात सरहद्दीवर लढाई पेटली. आमच्या मानीबाईचा मुलगा भावसिंग पलटणीत होता. गावात रेडिओ एकच, पुंडलिकराव पाटलांकडे. मानीबाई रोज त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहायची. कालव्याकाठच्या एका गावासाठी झुंज चालली होती, आणि भावसिंगचं शेवटचं पत्र तिकडूनच आलं होतं. त्यालाही आठवडा होऊन गेला होता. तांड्यात कुणाला घास गोड लागेना.

एका सकाळी पुंडलिकराव पंचवीस माणसं घेऊन तांड्यात आले.

"नाईक, जितलो आपन! घेतलं ते गाव! मिरवनूक काढून राह्यलो. तुमचा नगारा पाह्यजे, सगळ्यात पुढं."

जन्मभर मी याच बोलावण्याची वाट पाहिली होती. धावजीनं गोवऱ्या पेटवल्या, मला शेकायला ठेवलं. कातडं ताणलं जाऊ लागलं. मानीबाई दारात उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस कुणाला होईना.

तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून उतरला. तार होती. तांड्यात तार वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून ती पुंडलिकरावांच्या हाती दिली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली.

"मानीबाई... आपला भावसिंग... त्याच लढाईत..." त्यांनी तार घडी करून तिच्या हातात ठेवली.

मानीबाई मटकन खाली बसली. बायकांनी हंबरडा फोडला. सुतकात आमच्याकडे नगारा वाजत नाही. धावजी मला उचलायला वाकला, तोच पाटलांबरोबर आलेला घनश्याम हळूच म्हणाला, "मिरवनूक तं काढू. सुतक तांड्याले हाय, गावाले थोडंच हाय?"

मानीबाई उठली. डोळे कोरडे होते.

"पाटील, जितलं कोन म्हनलं तुमी?"

"आपन."

"अन् भावसिंग कोनाचा?"

"आपला, बाई."

"आपला म्हनता, तं तुमी त्याची भावकी झाले. भावकीले सुतक लागते."

मी धास्तावलो. आता ही माणसं पाठ फिरवून निघून गेली, तर काय उरणार होतं?

पुंडलिकरावांनी टोपी काढली. माझ्याखालच्या पेटत्या गोवऱ्या स्वतः ओढून बाजूला केल्या, वर घागर ओतली.

"लागलं," ते म्हणाले.

दहा दिवस गावात ढोल नाही, भजन नाही. मानीबाईची चूल बंद होती, तर पाटलांची लेक कोकिळा दोन्ही वेळा भाकरी घेऊन यायची आणि जवळ बसून तिला खायला लावायची. तोवर गावाची भाकरी आमच्या तांड्यात कधी आली नव्हती.

त्याला चार वर्षं झाली. आता पंधरा ऑगस्टला गाव मला बैलगाडीतून नेतं, सगळ्यांत पुढे. मीही दणकून वाजतो. वय झालंय, कातडं कधीही फाटेल, म्हणून एक मागणं आत्ताच मागून ठेवतो. जिंकल्याची बातमी आली की मला लगेच आगीवर ठेवू नका. आधी दारोदार जाऊन विचारा, सगळे परतलेत का.