तेरा इंच

हरणांसाठी मका टाकायच्या तीन पिंपांपैकी दोन तिपाईवर उभी राहिली होती. तिसऱ्याचा एक पाय नेमका लाल मुंग्यांच्या वारुळात रोवला गेला, आणि ते व्हर्नाच्या लक्षात येईपर्यंत मुंग्या तिच्या मोज्यांत शिरल्या होत्या.

"नाच, नाच," पिकअपच्या मागच्या हौद्यातून अल्टन म्हणाला. "स्वतःच्या लग्नात तर नाचली नव्हतीस."

"खाली उतर आणि तिपाई धर. तोंड काय कुणीही चालवतं."

अल्टन तिचा चुलतभाऊ. ही सगळी जमीन त्याची. मचाण मात्र बांधलं होतं व्हर्नाच्या वडिलांनी, हिल्मारनी, चाळीस वर्षांपूर्वी. चार खांब, वर पत्र्याचं छप्पर असलेली लाकडी खोली, तीन बाजूंना खिडक्या. तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, शिकारीचा मोसम उघडतो त्या पहाटे, त्या खोलीत हिल्मार बसत आले होते. एक वर्ष गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चुकलं, तर ते अजून त्या डॉक्टरचं नाव रागानंच घ्यायचे.

या क्षणी ते मचाणाखालच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून तिसऱ्या पिंपाचा टायमर जोडत होते. वय एक्क्याऐंशी. मांडीवर ठेवलेल्या डबीकडे ते बघतही नव्हते. बोटंच तारा शोधत होती. ठरल्या वेळेला हा टायमर पिंपाखालची चकती फिरवतो आणि मका चारी बाजूंना उडतो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आठवड्याभरात हरणांना तो आवाज कळतो आणि ती वेळेवर येऊन उभी राहतात.

"तारा उलट्या नाहीत ना लावल्या, काका?" अल्टन म्हणाला.

"तुझ्या बापाला मी शिकवलं हे. त्यालाही एकदा सांगून समजायचं नाही."

गेल्या मोसमात हिल्मारनी एक हरीण पाडलं होतं. नर होता, पण कोवळा. या भागातला नियम असा की फाटे फुटलेल्या शिंगांचा नर मारायचा, तर दोन शिंगांमधलं आतलं अंतर तेरा इंच तरी हवं. फूटपट्टी घेऊन हरणापाशी कोण जाणार? म्हणून कानांवरून ओळखतात. कान टवकारले की टोकापासून टोकापर्यंत साधारण तेरा इंच भरतात. शिंगं कानांच्या बाहेर दिसली तर नेम धरायचा, आत असली तर गप्प बसायचं. हिल्मारना शिंगं कानांबाहेर दिसली होती. खाली उतरून जवळ गेल्यावर त्यांनी हात लावून पाहिलं. शिंगांमधलं अंतर नऊच इंच होतं. बाहेर दिसलेल्या त्या मागच्या मेस्किटच्या काटेरी झुडपाच्या फांद्या होत्या.

त्यांनी स्वतःच शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनला फोन लावला आणि तो येईपर्यंत त्या हरणाशेजारी टोपी हातात घेऊन उभे राहिले. दंड भरला. त्या वर्षी हरणाच्या मांसाचं सॉसेज करायला सगळं खानदान जमलं तेव्हा ते मसाल्याला हात न लावता बाहेर धुराड्यापाशी बसून राहिले.

यंदा ऑगस्टमध्ये अल्टननं विषय काढला होता. "बसा ना, काका. मी कोण नाही म्हणणारा? पण आधी मला शिंगं ओळखून दाखवा."

हिल्मार म्हणाले होते, "दाखवतो."

व्हर्ना गावातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काम करत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वडिलांना तीच नेत असे, त्यामुळे दृष्टी नेमकी कुठे गेली आहे हे तिला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध पुसल्यासारखं झालं होतं. कडांनी अजून चांगलं दिसायचं. तिचा चेहरा पाहायचा असला की ते तिच्या कानाकडे बघायचे. तिला त्याची इतकी सवय झाली होती, की कुणी सरळ डोळ्यांत बघितलं की तीच दचकायची.

तिनं सगळं मोजून मांडलं होतं. समोरचं पिंप शंभर पावलांवरून पंचावन्नावर आणलं. त्याच्या मागे झुडूप येऊ नये म्हणून पांढऱ्या चुनखडीच्या उताराची बाजू निवडली, म्हणजे शिंगांच्या जागी शिंगंच दिसणार, फांदी नाही. सकाळचं ऊन मचाणाच्या पाठीमागून येतं, तेही सोयीचं. उरलेली दोन पिंपं डावीउजवीकडे, वारा फिरेल त्या दिवसांसाठी.

"पंचावन्न पावलं," हिल्मार कालपासून कुरकुरत होते. "एवढ्यावर हरीण मका खायला येत नाही. माझ्या मोज्यांचा वास घ्यायला येतं."

"मग धुतलेले मोजे घाला, डॅडी."

नऊ वाजता परीक्षा झाली. व्हर्नानं गॅरेजच्या भिंतीवरची जुनी शिंगं काढून आणली होती, दोन जोड्या अरुंद, दोन रुंद. पुठ्ठ्याचं डोकं कापून त्याला कान लावले होते, टोकापासून टोकापर्यंत तेरा इंच, पट्टीनं मोजून. समोरच्या पिंपाभोवती रानडुकरं घुसू नयेत म्हणून जाळीचं कमरेएवढं कुंपण होतं. हरीण त्यावरून सहज उडी मारतं, माणसासाठी एका कोपऱ्यात अरुंद फट ठेवली होती. व्हर्ना झाडामागे जाऊन नाणं उडवायची, नाण्यानं सांगितलेली जोडी पोत्यात गुंडाळायची, फटीतून आत शिरायची, पिंपापाशी उभ्या केलेल्या त्या पुठ्ठ्याच्या डोक्यावर शिंगं बसवून पोतं काढायची आणि खाली बसून जायची. मचाणात हिल्मारजवळ अल्टन बसला होता. तो काकांचं आणि स्वतःचं उत्तर लिहून घ्यायचा, मग व्हर्ना खालून खरं काय ते ओरडून सांगायची.

दहा वेळा हे झालं. दहाव्यानंतर अल्टननं खिडकीतून डोकं बाहेर काढून जी आरोळी ठोकली, ती पलीकडच्या शेळ्यांनीही ऐकली.

"दहापैकी दहा! अगं, माझे आठच बरोबर आले!"

व्हर्नानं मनातल्या मनात हिशेब केला. नुसत्या अंदाजानं दहाही बरोबर यायची शक्यता हजारात एक. तिनं पोत्यानं तोंड पुसलं, तर त्यातला मक्याचा भुसा डोळ्यांत गेला.

"काका, मानलं तुम्हाला," शिडी उतरताना अल्टन म्हणत होता. "शनिवारी पहाटे कॉफी मी आणतो. मचाण तुमचं." मग तिसऱ्या पिंपाची बॅटरी मेलेली निघाली म्हणून तो नवी आणायला घराकडे गेला.

बापलेक मका भरायला लागले. व्हर्ना पोती फोडून पिंपात ओतत होती, हिल्मार तिपाईचा पाय धरून उभे होते. मका ओतल्याचा आवाज थांबला तेव्हा ते म्हणाले,

"तू आडवी होत होतीस."

"काय?"

"रुंद शिंगं असली की त्या फटीतून आडवी होऊन आत शिरायचीस. जाळीत अडकत असतील. अरुंद असली की सरळ जायचीस."

व्हर्ना रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागली.

"पहिल्या तीन वेळा मला वाटलं, मी शिंगंच बघतोय," हिल्मार म्हणाले. "चौथ्या वेळेला तिथे डोकंच दिसेना. नुसता पांढरा उतार. तरी तोंडातून 'रुंद' निघालं, आणि अल्टन म्हणाला बरोबर. मग मी विचार केला, मला कळलं कसं? हललेलं मला अजून चांगलं दिसतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"दहा पूर्ण करायचे होते." ते जरा हसले. "बरं वाटत होतं गं."

ती पिंपाचं झाकण लावत बसली. झाकणाची कडी तीनदा लावून तीनदा काढली. पाण्याचे नमुने तपासताना ती बाटल्यांवरची गावांची नावं झाकून ठेवायची, हात आपोआप हवं तिकडे वळू नये म्हणून. इथे तिनं शिंगं झाकली आणि स्वतःला झाकायचं राहिलं.

"पुन्हा करूया," ती म्हणाली. "मी दर वेळेला आडवीच जाईन. कदाचित दिसतही असेल तुम्हाला. ती चूक माझी होती, म्हणजे तुम्हाला दिसत नाही असं त्यातून सिद्ध होत नाही."

"कर. तुझ्या मनाचं समाधान होऊ दे."

"माझ्या नाही."

"बरं बाई, दोघांच्या."

ते शिडी चढले. प्रत्येक पायरीवर आधी बूट टेकवून, मग वजन टाकून. व्हर्नानं या वेळी फटीतून जाण्याआधी दर वेळी पोतं छातीशी उभं धरलं आणि डावा खांदा पुढे केला. शिंगं बसवून ती कुंपणाच्या आत खाली बसायची आणि मचाणातून आवाज येण्याची वाट बघायची. आता आवाज लगेच येत नव्हता. सहाव्या वेळी तर इतका उशीर झाला की ती उठून बघणार होती. तेवढ्यात "रुंद" ऐकू आलं. अरुंद होती. तिनं हातावर पेनानं फुली मारली.

दहा झाल्यावर ती मचाणाखाली येऊन उभी राहिली. हात वर करून फुल्या दाखवून उपयोग नव्हता, म्हणून तिनं आकडाच सांगितला.

"सहा."

"नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर?"

"पाच."

"म्हणजे नाण्यापेक्षा मी एकानं हुशार." हिल्मार खिडकीला दोन्ही कोपर टेकून बसले होते, तिच्या कानाकडे बघत. "पंचावन्न पावलांवर, पांढऱ्या उतारावर, न हलणारं पुठ्ठ्याचं हरीण. आणि सहा."

व्हर्नाला सांगावंसं वाटलं की दुर्बीण बदलून बघू, अंतर चाळीस करू, मादीचा परवाना घेऊ, मादीला कुठे शिंगं असतात. ते सगळं तिनं आधीच मनात तपासलं होतं. शिंगं बाजूला ठेवली तरी छातीवर नेम धरायचाच असतो, आणि नेम धरायची जागा त्यांच्या डोळ्यांत नेमकी पुसलेली होती. 

"उतरू का?" हिल्मारनी विचारलं.

"बसा थोडा वेळ."

ते बसले. कुठून तरी दोन गांधीलमाश्या येऊन छपराच्या कोपऱ्यात घर कुठे करता येईल ते बघू लागल्या, आणि हिल्मारनी टोपीनं त्यांना हाकललं. न बघता, नुसत्या आवाजावर.

अल्टनचा पिकअप फाटकातून आत आला. बॅटरी काखेत घेऊन तो चालत आला तो बोलतच. "बायकोला सांगितलं मी. म्हणाली, काकांना डोळे नाहीत असं म्हणणाऱ्यांना पहिलं डॉक्टरकडे पाठव. काय झालं? तुम्ही दोघं असे का?"

"अल्टन, शनिवारचं माझं बसणं रद्द," हिल्मार वरूनच म्हणाले.

"का? दहापैकी दहा!"

"ते दहा व्हर्नाचे होते. माझे सहा आले."

अल्टननं व्हर्नाकडे पाहिलं. तिनं त्याला हातावरच्या फुल्या दाखवल्या आणि फटीची गोष्ट सांगितली. तो ऐकता ऐकता बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"मला कुठे कळलं असतं?" शेवटी तो म्हणाला. "मी तर हो म्हणूनच मोकळा झालो होतो. गप्प बसला असतात, तर संपलं होतं."

"त्या पोराच्या शेजारी एकदा उभा राहिलोय मी," हिल्मार म्हणाले. पोर म्हणजे गेल्या वर्षीचं ते कोवळं हरीण. अल्टननं मान हलवली आणि तो बॅटरी घेऊन तिसऱ्या पिंपाकडे वळला.

मग बराच वेळ बॅटरी बसवणं चाललं. अल्टननं तारा उलट्या लावल्या. हिल्मारनी शिडी उतरून त्याच्या हातावर चापट मारून त्या सरळ केल्या. चकती फिरली आणि मका तिघांच्या टोप्यांवर येऊन आदळला.

"आता तीन पिंपं भरली आहेत आणि मचाणात माणूस नाही," गुडघे झटकत अल्टन म्हणाला. "हरणांना जेवायला बोलावलंय काय आपण?"

"व्हर्ना बसेल," हिल्मार म्हणाले.

"मला विचारलं का कुणी?" व्हर्ना म्हणाली. तिनं बंदूक हातात घेऊन सव्वीस वर्षं झाली होती.

"विचारतोय आता."

ती रिकामी पोती एकात एक घालत होती. सगळी घालून झाली. "नेम धरीन की नाही ते आत्ता सांगता यायचं नाही. आधी दोन दिवस सराव करून बघावा लागेल. जमला नाही तर नुसती बसेन."

"नुसती बस."

"आणि तुम्ही यायचं. मला पाऊल कुठलं, वारा कुठला, काही कळत नाही. तुम्हाला कान आहेत अजून."

"त्या खोलीत दोन माणसं बसली की दोघांचे गुडघे दुखतात," हिल्मार म्हणाले.

"म्हणजे येता."

"पण बोलायचं नाही हां तिथे. तू लहानपणीसुद्धा फार बोलायचीस."

अल्टन मोठ्यानं हसला. "ही? ही बोलायची? काका, ती मी होतो!"

व्हर्नानं पोती पिकअपमध्ये टाकली आणि पुठ्ठ्याचं डोकं सोडवायला कुंपणाकडे गेली. शिंगं रुंद होती. फटीतून बाहेर येताना ती सरळ आली; टोकं जाळीत अडकली, तेव्हा तिनं ती ओढून सोडवली.