वगळलेला फोटो

मी जे लिहिते, ते माणसं वाचत नाहीत. आमच्या कंपनीत फोटोंची घाऊक कामं येतात: गठ्ठ्यानं फोटो घ्यायचे, लहान करायचे, उजळायचे, चेहरे धूसर करायचे. ही कामं ग्राहकांच्या वतीनं एआय एजंट चालवतात. काम कुठवर आलं हे त्या एजंटना मधूनमधून विचारता यावं, म्हणून मास्तरनं एक साधन बनवलंय. ते कसं वापरायचं, हे एजंटना सांगणारं पान लिहिणं माझं काम. मास्तर म्हणजे आमचा इंजिनियर. चहात साखर किती घालायची तेही फळ्यावर आकृती काढून समजावतो, म्हणून मास्तर.

"चार ओळींत आटप," आमच्या बॉस मॅडमनी बजावलं होतं. "एजंटला कादंबरी नको."

मी लिहिलं: काम चालू असेल तर थोडं थांबून पुन्हा विचारा. 'झालं' असं उत्तर आलं की फोटो पुढे पाठवा आणि ग्राहकाला कळवा.

मला धास्ती होती ती त्या उत्तरासोबत येणाऱ्या 'वगळलेले' या आकड्याची. एखाद्या फोटोत चेहरा सापडला नाही तर यंत्रणा तो वगळते, म्हणजे आहे तसाच ठेवते. आणि तरी काम 'झालं'च म्हणते.

"वगळलेले असतील तर आधी माणसाला विचारा, एवढी एक ओळ घातलीय. राहू दे ना?"

"तू ना, दूध चुलीवर ठेवायच्या आधीच फडकं घेऊन उभी राहशील," मॅडम हसल्या. "अगं, झाडाच्या फोटोत चेहरा कुठून येणार? दर वेळी विचारत बसलो तर ग्राहक पळून जातील. काढ ती ओळ."

काढली. पान सकाळीच एजंटना वाचायला खुलं झालं.

दुपारी पानात एक खरं उदाहरण टाकायचं म्हणून मी चालू कामांपैकी एक उघडलं. निळं फाटक. फाटकाआड बागकाम करणारी मुलं. खारूचं पाळणाघर!

खारू माझी लेक, चार वर्षांची. पाळणाघराच्या ताई मुलांचे फोटो वेबसाइटवर लावतात, पण चेहरे धूसर करून. त्या अटीवरच मी तिला तिथे घातलं होतं. तिच्या बाबांचं घर सोडून आम्ही इथे आलो, ते त्यांना पत्ता न सांगता. ते हात उगारायचे, एवढं इथे पुरे. "पाताळातून शोधून काढीन आणि पोरीला घेऊन जाईन," असं म्हणाले होते. अजूनही गावोगावच्या पाळणाघरांचे फोटो चाळत बसतात, असं त्यांच्याच बहिणीनं मला गुपचूप कळवलंय.

पडद्यावर होतं: वगळलेले, एक.

उघडायच्या आधीच मला कळलं होतं. आळशी डोळा कामाला लागावा म्हणून खारूच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी असते. एवढ्या मुलांत यंत्रणेला तिचाच चेहरा चेहरा वाटला नव्हता. फोटोत ती एकटीच: हातात झारी, तोंडभर हसू, आणि मागे पाळणाघराची नावाची पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी.

मी मास्तरच्या टेबलाशी धावले. "हे काम थांबव."

"आपलं साधन थांबवत नाही गं. त्याला डोळे आहेत, हात नाहीत."

"मग तू थांबव! तुला हात आहेत ना?"

माझा चेहरा बघून त्याची थट्टा विरली. मी फोटो दाखवला, कारण सांगितलं. त्यानं दोनतीन ठिकाणी प्रयत्न करून पाहिले. "काम ग्राहकाचं आहे. थांबवायची परवानगी फक्त त्यांना. त्यांना फोन लाव."

लावला. पुन्हा लावला. दुपारी मुलं झोपतात, तेव्हा ताई फोन मुका करून कपाटात ठेवतात. एरवी मला त्यांची हीच शिस्त आवडायची.

फोटो पुढे सरकत होते. निम्म्याहून जास्त झाले होते. मग मला सुचलं, पान तर माझ्या हातात आहे! कुणाला न विचारता मी ती ओळ परत घातली. वर आणखी कडक केली: वगळलेले असतील तर काहीही पुढे पाठवू नका, आधी माणसाला विचारा. जतन केलं आणि मास्तरकडे पाहिलं.

तो हळूच म्हणाला, "एजंट पान वाचतो ते कामाला बसताना. या एजंटनं ते सकाळीच वाचलंय. आता पुढच्या कामाला वाचेल."

आम्ही दोघं शेजारी बसून आकडा वाढताना बघत राहिलो. दुसरं करणार काय? मग 'झालं' आलं. एजंटनं शहाण्या मुलासारखे सगळे फोटो वेबसाइटवर नेऊन लावले आणि ताईंना नम्र निरोप धाडला.

मुलं उठल्यावर ताईंचा फोन आला. "खारूची आई, अहो केवढे ते फोन! खारू मजेत आहे. फोटो? अहो, सगळं व्यवस्थित झालं असा निरोप आलाय की मला." मग ऐकून घाबरल्या बिचाऱ्या. फोटो काढायचा कसा, हे त्यांना येईना. मास्तरनं फोनवरून एकेक पायरी सांगितली. या खेपेला फळा नव्हता, तरी जमलं.

"निघाला," तो म्हणाला.

"तेवढ्यात कुणी पाहिला असेल का?"

"ते कळायला मार्ग नाही."

खारूला घेऊन घरी गेले, ते दोनदा मागे वळून बघत. आईला स्वयंपाकघरात हळू आवाजात सगळं सांगितलं.

"नेमकं तेवढ्याच वेळात ते कशाला बघतील गं?" आई म्हणाली. "कामधंदा असेल की माणसाला."

"त्यांना वेळच वेळ आहे, आई."

तिनं गॅस बारीक केला. मग तिनं बाहेर खेळणाऱ्या खारूला हाक मारली. "खारू, मावशीच्या गावाला राहायला जायचं का आपण?"

खारू दारात येऊन उभी राहिली. पट्टीचा डोळा माझ्याकडे, उघडा आजीकडे.

"परत?" तिनं विचारलं.